तुमचा ठिपका हलत नाही

अहो,

तुम्हाला आणि आईंना नमस्कार. मी मजेत आहे. नवा फोन आता माझं ऐकतो. इथे कामावर लाँड्रीत चादरी भिजत टाकल्या की वेळेवर गजर वाजवतो. चष्मा विसरला तर साबणाच्या डब्यावरचं वाचूनही दाखवतो. तुमच्याकडचं हवामान रोज बघते. काल पाऊस होता, मागची खिडकी लावलीत ना?

निघताना लेकीने आपल्या दोघांच्या फोनमध्ये नकाशा जोडून दिला होता, तो गेल्या आठवड्यात उघडला. नकाशावर तुम्ही एवढासा निळा ठिपका! हसूच आलं. पण तो ठिपका गेले चार दिवस मोठ्या दवाखान्यावरच बसलाय.

फोनवर म्हणता, "दुकानात आहे, पंक्चर काढतोय." मागे सायकलची साधी घंटीही वाजत नाही. कोण आजारी आहे? तुम्ही की आई? शेजारीणही तुमचीच री ओढते. मी काय परकी आहे?

म्हणून हे पत्र घरी न पाठवता दवाखान्याच्या पत्त्यावर टाकतेय. पत्ताही नकाशानेच दिला. परत आलं, तर आनंदाने स्वतःलाच वेडी म्हणेन. तुमच्या हाती पडलं, तर आता दुकानात आहे म्हणू नका.

तुमचीच,
बॅग भरून बसलेली