मोबाईलमधला ढोल आणि धोंडुमावशी

आटपाडी मुक्कामी वडीलबंधू दादासो यांस,

साताऱ्याहून धाकटा मावसभाऊ मल्हार याचा वाकून नमस्कार. मेंढरं, वहिनी आणि तुमचा गुडघा (तुमच्या मनातल्या क्रमानंच विचारतोय) बरी असतील. तुमच्या राजवर्धनचं लग्न अजून जमलं नसेलच. असतं तर तुमी गप्प बसला नसता. इकडं तुमच्या मातोश्री, आमच्या धोंडुमावशी, ठणठणीत. डोळ्याचं ऑपरेशन एवढं झकास झालंय, की घरातली जळमटं त्यांना कॉटवरून दिसतात आणि त्या आमच्या हिला, राणीला, दाखवतातही. फोनच केला असता, पण मावशी शेजारी बसून सगळं ऐकते.

दादा, माझं प्रेशर वाढलंय. कंपनीत सुपरवायझरसाठी माझं नाव पुढं आहे, पण तपासणीत प्रेशर उतरलेलं दिसलं तरच. कंपनीनं आमच्यासाठी टेन्शनवर भाषण द्यायला एक टायवाला बोलावला होता. तो म्हणाला, टेन्शन कामाचं नसतं, वेळ न पाळल्याचं असतं. प्रत्येक कामाला वेळ ठरवा. मला लगेच पटलं (खुर्ची पंख्याखाली होती). घरी येऊन मोबाईलवर सगळ्याला अलार्म लावले: नळाचं पाणी, फिरायला जाणं, मावशीच्या डोळ्यात थेंब, एवढंच काय, निवांत बसायलासुद्धा! साध्या टिंगटिंगला मी काय दाद देत नाही, म्हणून जत्रेत बिरोबाच्या देवळापुढं तुमी वाजवलेला ढोल रेकॉर्ड केला होता, तोच लावला. तिथंच माती खाल्ली. ढोल वाजला की मावशीच्या अंगात येतं, हे मी विसरलो कसा?

पहिलाच अलार्म थेंबांचा. मावशी ताडकन उभी, केस मोकळे, "कुणी बोलावलं रं मला?" मी हातात बाटली धरून गार. देवाच्या डोळ्यात थेंब कसे टाकायचे, हे टायवाल्यानं सांगितलं नव्हतं. राणीनं भंडारा लावला, मी पाया पडलो, तर देवानं माझं मनगट धरून सांगितलं, "खाली बस. पळतूस कशाला?" बसलो. तोवर नळ गेला. फिरायच्या अलार्मला पुन्हा तेच. फिरणं राहिलं, बसणं झालं.

मग कॉलनीत बोभाटा झाला. शेजारचे रिटायर सुभेदार बाळासो (आपल्यातलेच, जतकडचे) प्रांजलच्या, म्हणजे लेकीच्या, लग्नाचं विचारायला आले, त्यांच्यामागं अख्खी गल्ली. दारात चपलांचा ढीग. लोकांना कौतुक भलत्याच गोष्टीचं: "आमच्या गावाकडं देवाची रातभर वाट बघावी लागती, तुमच्याकडं कसा टायमात येतो!" एकदा मी अलार्मचा आवाज बदलला, तर सुभेदार दारात, "आवं मल्हारराव, देव रजेवर हाय का?" टेन्शन घालवायला निघालो आणि घराचा एसटी स्टँड झाला. तेव्हा दादा, हात जोडतो, रविवारी या आणि तपासणी होईस्तोवर मावशीला आटपाडीला न्या.

सर्वांना नमस्कार. आपला,
मल्हार

ता.क. पत्र खिशातच राहिलं आणि तपासणी होऊन गेली. प्रेशर उतरलंय! डॉक्टर म्हणाले, काय केलंत? म्हणालो, बसलो.

ता.क. दुसरा. मावशीला ही बातमी सांगितली तर म्हणते, "मग आता तो ढोल बंद कर, माझी कंबर गेली. पयल्या दिशी देव व्हता. बाकीचं मीच. तू बसतच न्हवतास की रं!" दादा, मला भरून आलं. मावशीला न्यायचं नाव काढू नका.

ता.क. तिसरा. भरून आलेलं ओसरलं. सुभेदारांना देवानं काय सांगितलं, ते आज कळलं: "आटपाडीचा पोरगा बघा, मेंढरं राखून हाय, बाप ढोल वाजवतो." प्रांजलनं फोटो बघितलाय आणि लाजलीय. तेव्हा रविवारी याच, राजवर्धनची दाढी करून. आणि वेळेवर या दादा, देवानं शब्द दिलाय.