वेळेत आलेलं उत्तर

रविवार, सिल्वासा

सर, तुम्ही गेल्यावर तुम्हाला लिहावं असं अनेकदा मनात आलं, आणि दर वेळी वाटलं, आधी सांगण्याजोगं काही घडू दे. इतकी वर्षं गप्प राहिले, माफ करा.

मसाटच्या आमच्या कारखान्यात रसायनाच्या एका टाकीचं तापमान संगणक सांभाळतो. दर काही सेकंदांनी तो पुढचा अर्धा तास अंदाजाने पाहतो, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह किती उघडावा याचं सगळ्यांत चांगलं उत्तर शोधतो, त्यातलं फक्त पहिलं पाऊल टाकतो आणि पुन्हा नव्याने गणित मांडतो. ही सगळी मांडणी माझी. पण कच्चा माल बदलला की गणित लांबतं, पुढची वेळ येऊन ठेपते तरी उत्तर नसतं. मग आमचे धुळ्याकडचे ऑपरेटर, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, व्हॉल्व्ह मॅन्युअलवर घेतात, म्हणजे स्वतः हाताने चालवतात. "मॅडम, तुमचं यंत्र पोरगी बघायला गेलंय. चहा झाला, पोहे झाले, हा काही हो-नाही बोलत नाही." मी हसते, आणि घरी आल्यावर मला जेवण जात नाही.

तुमची तोंडी परीक्षा आठवते. मी फळाभर गणित मांडून उभी आहे, उत्तर अचूक आहे, आणि तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवता. "बरोबर आहे, बाई. पण तोवर टाकी उतू गेली." तेव्हा राग आला होता. वाटलं, अचूकपणाची थट्टा करताहेत.

संगणक दर वेळी अगदी शून्यातून सुरुवात करत होता. आता तो मागचंच उत्तर एक पाऊल पुढे सरकवून तिथून शोधू लागतो, आणि वेळ संपली की पोचला असेल तिथे थांबतो. तापमानाची मर्यादा ओलांडणारं उत्तर असेल तर ते टाकून देतो आणि जुन्या साध्या कंट्रोलरकडे काम सोपवतो. एवढा बदल करायला मला फार दिवस लागले, कारण अर्धवट उत्तर वापरणं मला लबाडीसारखं वाटत होतं. काल माल बदलला. तापमान थोडं हललं आणि जागेवर आलं. भाऊ खुर्चीत मागे टेकले. "आता पक्कंच उत्तर देतो ना हा?"

मी हो म्हणून मान हलवली. सर, ते पक्कं नसतं. मिळालेल्या वेळात जमलं तेवढं चांगलं असतं, आणि आपण केव्हा मध्ये पडायचं हे ठरवायला भाऊंना ते ठाऊक असायला हवं. त्यांचा विश्वास बसलेला पाहून मला इतकं बरं वाटलं की खरं सांगायचं राहून गेलं. तुम्ही हयात असता आणि हे पत्र खरंच पाठवायचं असतं, तर एवढं लिहिलं नसतं.

उद्या: पहिल्या पाळीला भाऊंना खरं काय ते सांगणे.