सॉनामागचा कुऱ्हाडीचा आवाज

७ सप्टेंबर
...मी लापशी ढवळत होते, मांजराला दूध घालून झालं होतं, आणि सॉनाच्या वाफेच्या न्हाणीमागून तौनोच्या कुऱ्हाडीचा आवाज येत होता. ठक. जरा थांबून पुन्हा ठक. गेल्या वर्षीची कुठलीशी सकाळ. आज लापशी ढवळताना ती आठवली आणि लापशी करपली.
तौनो फेब्रुवारीत गेला. जौनी फोनवर म्हणतो, आई, बर्फ पडायच्या आत लाकडं फुटली नाहीत तर तुला शहरात फ्लॅटमध्ये यावं लागेल. फुटतील. तोच येऊन फोडेल. मुलगा कशासाठी असतो?

१४ सप्टेंबर, मंगळवार
दर मंगळवारी येणाऱ्या वाचनालयाच्या पुस्तकांच्या गाडीवरून दोन पुस्तकं आणली. वाटेत शेजारची हेन्ना भेटली. जंगलात झाडं तोडायचं मशीन चालवते. खुर्चीत बसून, नखं रंगवून, दोन दांड्या हलवत. म्हणाली, काकू, लाकडं मी फोडून देते, फोडायचं मशीन आहेच तुमच्या शेडमध्ये. मी म्हटलं, ते काकांनी स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं, हात कधी लावला नाही. ती काही बोलणार होती, पण माझी पिशवी घेऊन पुढे चालू लागली. लाजाळू पोर.

२५ सप्टेंबर
जौनी आला. गावात मी सांगते, तो दवाखान्यात असतो. खरं तर वृद्धाश्रमात नर्स आहे. त्याच्या हातात बापाची कुऱ्हाड दिली. दोन घाव घातले आणि पाठ धरून बसला. प्रवासाचा शीण. मी विचारलं, म्हातारी माणसं कशी उचलतोस रे? म्हणाला, अगं, उचलायला मशीन असतं, मी त्यांच्याशी गप्पा मारतो. मग त्यानं सूप केलं. चांगलं झालं होतं. त्याला सांगितलं नाही.
जाताना म्हणाला, हेन्नाला सांग ना. मी म्हटलं, हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मनाई केली तरी तुझा बाप रोज सकाळी फोडायचा. मी या कानांनी ऐकलंय.

२ ऑक्टोबर
मीच फोडायचं ठरवलं. सवयीनं जमेल. कुऱ्हाड पहिल्याच ओंडक्यात रुतली, निघेना. ओंडका गाठीचा असणार.
गेल्या वर्षीची उरलेली लाकडं पाहिली. एकाही तुकड्यावर कुऱ्हाडीची खूण नाही. तौनोचा हात इतका साफ.

११ ऑक्टोबर
खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी. हेन्ना आली, शेडमध्ये गेली, मला न विचारता मशीनचा प्लग लावला आणि रुतलेली कुऱ्हाड सोडवून दिली. मी म्हटलं, प्लग कुठे लावायचा ते तुला कसं ठाऊक? ती खाली बघत म्हणाली, काकू, गेले दोन हिवाळे मीच फोडत होते. मंगळवारी, तुम्ही पुस्तकांच्या गाडीला गेलात की.
मग रोज सकाळचा आवाज?
म्हणाली, काका लाकूड न ठेवताच रिकाम्या ठोकळ्यावर हळूहळू घाव घालायचे. मला हसू आलं, तर म्हणाले, हसतेस काय, घरात आवाज गेला पाहिजे. तो थांबला तर काकू घाबरेल.
मी म्हटलं, तुझ्या काकांना थट्टेची फार सवय होती.
तिनं मशीनचा प्लग काढला. मग म्हणाली, उद्या फोडू? मी म्हटलं, उद्या मंगळवार, मी घरी नसते.

१२ ऑक्टोबर, मंगळवार
लापशी शिजत ठेवून सॉनामागे गेले आणि रिकाम्या ठोकळ्यावर थोडा वेळ घाव घातले. मग पुस्तकं घेऊन गाडीला गेले आणि उशिरा परतले.