पानामागचा पिवळा ठिपका

१५ जून, रविवार
लॅबमधून आलेली काचेची बाटली फोडली! आतून स्लिपर ऑर्किडची रोपं निघाली, पान नखाएवढं. मी आणि शेजारच्या फ्लॅटमधले भिमाजीअण्णा, दोघांनी मिळून मागवलेली. ही बिल्डिंग उभी आहे ती जमीन एके काळी त्यांचीच. माझं म्हणणं होतं, आपापली रोपं वेगळी लावू. "आत्ता नगं, सयाजीराव. ल्हान हायत तवर एकमेकांच्या ओलीवर जगतील. मोठी झाली की वाटून घिऊ." एकाच ट्रेमध्ये दाटीनं लावली. ट्रे त्यांच्या गॅलरीत — तिथे कडक ऊन येत नाही, आणि मी दिवसभर चाकणला, कंपनीत. वाटून घेऊ म्हणजे कशी, हे मात्र बोलले नाहीत.

२९ जून
रोपं जगली. पण अण्णा रोज ट्रेमध्ये हात घालतात. पानं चाचपतात, एखादं उचलून दुसरीकडे रोवतात. विचारलं तर म्हणाले, "धुरकट दिसतंय, म्हून हातानं बघतो." धुरकट दिसतं, मग चांगली रोपं बरोबर एका कोपऱ्यात कशी जमा होतात?

६ जुलै
अण्णा दूध आणायला खाली गेले, त्यांची सून पूनम स्वयंपाकघरात. तेवढ्यात काम उरकलं. कंपनीत पास झालेल्या पार्टवर आम्ही पेंट मार्करनं पिवळा ठिपका देतो. मार्कर खिशात होताच. जोमदार रोपं निवडली आणि पानामागे, अगदी बुडाशी, एकेक ठिपका दिला. आता इकडचं तिकडं झालं तर कळेल!

बायकोला, मिनलला सांगितलं. म्हणाली, "घरी आल्यावर तरी माल तपासणं बंद करा." हिला सगळं जग सरळ वाटतं.

२० जुलै
ठिपकेवाली काही गायब. बिनठिपक्याची सगळी जागेवर. चोराला पारख आहे! सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "अण्णा, रोपं कमी वाटतात." "आं? न्हाई, हायत की." नजर दुसरीकडेच. कंपनीत खोटं बोलणारे रोज बघतो मी.

२७ जुलै
आणखी गेली.

३ ऑगस्ट
गॅलरीत गोणपाटाखाली श्रीखंडाचा डबा. मी बघतोय म्हटल्यावर अण्णांनी पायानं मागे सरकवला. एवढं गोड बोलणारा माणूस! चहा मी अर्धाच प्यायलो.

१० ऑगस्ट
अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. जाताना पूनमने चावी दिली. "ट्रेवर पाणी फवारा. सयाजीराव सोडून कुणाला हात लावू देऊ नको, असं अण्णा म्हणालेत."

आत गेलो तो थेट डब्याकडेच. सगळी माझी ठिपकेवाली. हळद लावून, ओल्या शेवाळात नीट निजवलेली. आणि कुजलेली. प्रत्येक पान ठिपक्यापासूनच काळं पडलेलं.

संध्याकाळी पूनमला विचारलं. "ती होय? अण्णा म्हणतात पिवळा रोग पडलाय, चांगल्या रोपांनाच धरतोय. बाकीच्यांना लागू नये म्हणून बाजूला काढतात. तुम्हाला सांगायचं नव्हतं. सयाजीरावांनी लई जीव लावलाय म्हणाले, खचतील."

रोग कसला, माझा पेंट. उरलेल्या एका रोपाचा ठिपका नखानं खरवडून पाहिला, पानच हातात आलं. डबा कचऱ्यात टाकावा असंही मनात येऊन गेलं. टाकला नाही. लाज वाटते. आणि भीतीही — डोळ्यावरची पट्टी सुटली की अण्णांना दिसणार.

१२ ऑगस्ट
पट्टी सुटली. पूनम जिन्यात भेटली. घरी आल्या आल्या अण्णांनी ट्रे मागितला, मग डबा. खिडकीपाशी बसून बराच वेळ बघत होते.
"काही बोलले?"
"नाही. तुमच्या कंपनीत कसला पेन वापरतात, एवढं विचारलं."
उद्या जातो. सगळं सांगून टाकतो.

१४ ऑगस्ट
शिफ्ट लांबली. काल गेलो नाही, आजही नाही. खरं म्हणजे दारापर्यंत जाऊन परत आलो.

१७ ऑगस्ट, रविवार
बेल वाजली. पूनम. हातात ट्रे — मधोमध कापलेला, अर्धाच. शिल्लक राहिलेली जोमदार रोपं सगळी माझ्या अर्ध्यात.
"अण्णा म्हणाले, वाटणी केली. तपासून घ्या."