गॅलरीची काच

वाशी, १२ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप आबांस,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला अर्धवट सांगायचं नाही, म्हणून कागद घेतला. आपल्या सोसायटीची जुनी पाडून नवी बिल्डिंग उभी राहिली. गॅलरीच्या कठड्याला काच बसणार आहे, आणि ती निवडायचं काम, मी इंजिनिअर म्हणून, कमिटीनं माझ्या गळ्यात घातलंय. बिल्डर दिपेश म्हणतो, टफन्ड काच पुरे, दणकट असते. असतेच. पण फुटली की तिचा चुरा होतो आणि कठड्याच्या जागी नुसतं भोक उरतं. मला लॅमिनेटेड हवी. दोन काचांमध्ये चिवट पडदा असतो, तडकली तरी जागा सोडत नाही. ती यायला वेळ लागेल, तोवर घराचा ताबा लांबेल, म्हणून सगळे चिडलेत. आपला शिवतेजसुद्धा म्हणाला, ताईला भाड्याच्या घराचा लळा लागलाय!

आईला नमस्कार. तुमचा हात डोक्यावर असू द्या.
तुमची मंजुषा

कोरेगाव, २० फेब्रुवारी २०२४

चि. मंजुषास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आई म्हणते, पोरी, चार माणसांत राहायचंय, फार ताणू नको. मला काचेतलं कळत नाही. पण तू शाळेत चुकलेल्या गणितावरून मास्तरांशी भांडायचीस, आणि बहुतेक वेळा फळा मास्तरच पुसायचे. बरोबर असशील तर हटू नको. आवाज मात्र चढवू नको, त्यात तू माझ्यावर गेलीयस.

शिवतेजचा कान माझ्या वतीनं पिळ.
तुझा आबा

वाशी, २ जून २०२५

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न.

लॅमिनेटेड काच बसली, राहायला आलो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आता पुढचं ऐका. गेल्या आठवड्यात वादळी वारा सुटला. शेजारच्या बिल्डिंगच्या परांचीचा बांबू निसटून आपल्या सहाव्या मजल्याच्या गॅलरीच्या काचेवर आदळला. तो फ्लॅट दिपेशनं स्वतःसाठी ठेवलाय; तिथं त्याची आई, गोजराकाकू, वाळत घातलेले कपडे काढत होत्या. दचकून त्यांचा तोल गेला आणि त्या सगळ्या अंगानिशी त्याच काचेवर पडल्या. आबा, काचेवर वरपासून खालपर्यंत तड्यांचं जाळं पसरलं, पण ती सुटली नाही. काकू भिंत धरत आत आल्या. मनगटाला खरचटलंय, बाकी काही नाही.

दिपेश आला तो दारातच उभा राहिला. म्हणाला, ताय, मी तुज्याशी किती भांडलो, न् आज माजी आय घरान बसून च्या पितेय. त्याच्या पुढच्या बिल्डिंगची काच मीच निवडायची, असं ठरवून गेला.

लोभ आहेच, तो कमी करू नका.
मंजुषा

कोरेगाव, ११ जून २०२५

चि. मंजुषास खूप खूप आशीर्वाद.

तुझी आई वाचता वाचता थांबली, डोळ्यांना पदर लावला, म्हणून उरलेलं मी चष्मा शोधून वाचलं. गोजराबाईंना आमचा नमस्कार सांग. आई त्यांच्यासाठी मेतकूट पाठवतेय.

काल पारावर धर्मराजनं विचारलं, जोतीराम, लेक तिकडं काय करते? इतकी वर्षं मी, नोकरी करते, एवढंच सांगायचो. काल छाती काढून म्हणालो, ती म्हणेल तीच काच बसते!

जिवाला जप, आमची आठवण ठेव.
तुझा आबा