भोकांतल्या अक्षता

खंडेनवमी, संध्याकाळ. नाशिक रोड.

अजून डोकं तापलेलंच आहे. खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या उपकरणांची पूजा होते, कबूल. पण माझ्या स्फटिकावर हळद-कुंकू? आरपार बारीक भोकं असलेला तो ठोकळा म्हणजे काय देव्हारा आहे? त्या भोकांच्या रचनेमुळेच प्रकाश आत न शिरता पृष्ठभागावरून कोपरे वळत पुढे जातो. आणि आमच्या विभागप्रमुख सरांनी नेमक्या त्या भोकांवर मूठभर अक्षता वाहिल्या!

मी ओरडलेच. सर म्हणाले, "अगं, वर्षाचा सण आहे. यंत्रांनाही मान नको का?"

मान! मी चिमट्याने अक्षता काढत बसले. कोपऱ्यातल्या काही निघेनातच. शेवटी रागारागात तसाच प्रकाश सोडून मापं घेतली.

आणि प्रकाश पुढे गेला. अडकलेल्या अक्षतांना वळसा घालून, जराही मागे न फिरता, थेट पलीकडे.

पडद्यावरचा आलेख बघून सरांनी टाळी वाजवली. "बघ, पूजा फळली!" सगळ्यांना पेढे वाटले. मीही एक खाल्ला. का खाल्ला?

वाटेत काहीही येवो, हा प्रकाश अडत नाही, हेच तर मी इतकी वर्षं घसा फोडून सांगतेय. आज ते सिद्ध झालं, आणि श्रेय कोणाला? वाटेत आलेल्या अक्षतांना!