यमुनीसोबत द्यायची माती

रिठद, आश्विन व. ५
नात यमुनी दिवाळी झाली की किन्हीराजाले सासरी जाणार. आज तिच्या चार मैत्रिणी अंगणात बसवल्या. एकेकीनं तिच्यासाठी मातीची एकेक वस्तू करायची, चूल, गाय, तुळस, जातं, अन् बुडाले आपला अंगठा उठवायचा. माती मुद्दाम आपल्याच वावरातली. काळीभोर, लोण्यासारखी. सोनीचं जातं सगळ्यांत सुबक. ही शेजारच्या पार्बताबाईची नात. पार्बताबाईचं-माझं वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरून, तीन वर्षं बोलणं बंद, पण पोरींले त्याचं काय.

व. ७
चूल तडकली. गाईचे दोन तुकडे. तुळशीले चीर. जातं शाबूत. सोनीचं तेवढंच कसं?

व. ८
तिघींनी पुन्हा केलं. दुपारी पार्बताबाई कुंपणाशी उभी. "वाळलं का वं सोने?" हिले कायले पंचाईत!

व. ९
पुन्हा तेच. गाय, चूल, तुळस गेली, जात्याले काही नाही. सुनेजवळ बोललो. म्हणे, "मामाजी, उन्हानं असन." ऊन काय निवडून निवडून पडते?

व. १०
सोनीले बाजूले घेतलं. "खरं सांग बाई, हात कोनी लावला?" रडली नाही. "आबाजी, मी कायले फोडू?" उद्यापासून येऊ नको म्हटलं. गेली. यमुनी जेवली नाही. तिच्या भल्यासाठीच तर

व. १२
परवा संध्याकाळी तिघींच्या नव्या वस्तू लोखंडी पेटीत ठेवल्या होत्या. कुलूप लावलं, किल्ली कमरेच्या करगोट्याले. आज उघडली. तिन्ही चिरलेल्या.
किल्ली माझ्याजवळच होती.

व. १३
तुकडे आणि जातं घेऊन गंगाराम कुंभाराकडे. मनातला संशय सांगितला. पोट धरून हसला. "आबाजी, उन्हाळ्यात तुमच्या वावराले भेगा पडतात, त्या बी पार्बताबाईच पाडते काय?" म्हणे, काळी माती वाळली की आवळते, नुसती चालत नाही, काही कालवावं लागते. मग जातं फिरवून पाह्यलं. "ह्याच्यात भुसा कालवला हाये. करनारीले समजते." आजीनं शिकवलं असेल. पोरीले मी एवढं विचारलंच नाही. चाळीस वर्षं वावर कसलं अन् माती ओळखली नाही.

कार्तिक शु. ४
गंगारामनं दिलेल्या मातीची चूल, गाय, तुळस झाली. धड वाळली. उद्या सकाळी यमुनीची बैलांची दमणी निघणार. यमुनी अडून बसली. "सोनी आपल्या हातानं देईन तरच जातं नेईन. नाही तं कोनाचंच नको."

जातं घेऊन पार्बताबाईच्या दारी गेलो. तीन वर्षांनी.
"वाट चुकली काय बुवा?"
चुकलो, म्हटलं. वाटही, अन् पोरीच्या बाबतीतही. सोनीले बोलवा.
"घरी नाही ते."
आत बांगड्या वाजल्या. तिची सून असेल. नसेलही.
जातं ओट्यावर ठेवलं. सकाळी सोनीच्या हातानं पाठवा म्हटलं.
"तुमच्या पेटीले कुलूप हाये म्हने. आमच्या ओट्याले नाही. ठेवा बापा."

घरी येऊन तीनदा कुंपणाशी जाऊन आलो. दोनदा जातं होतं तिथंच. आता नाही. आत नेलं, की उकिरड्यावर फेकलं? पाहा, पुन्हा माझं तेच. सून म्हणते, "मामाजी, बसा ना एका जागी."
बसलो आहे. कुंपणाकडे पाठ करून.